भाऊंना लागलं

पेढा तोंडात असताना मी माझ्या नवऱ्यावर जेवढी चिडले, तेवढी लग्नापासून कधी चिडले नव्हते. तो पेढा थुंकावा की गिळावा तेच कळेना. शेवटी गिळला, कारण समोर मालक उभे होते आणि बॉक्स पुढं करून म्हणत होते, "वहिनी, अजून एक घ्या, आज तुमचाच मान." पण हे असं मधूनच सांगून उपयोग नाही. आधी आमचं काम काय ते सांगते, म्हणजे तो पेढा मला कडू का लागला ते कळेल.

चाकणला मोठमोठ्या गाड्यांच्या कंपन्या आहेत ना, त्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये आमचं वर्कशॉप आहे. आम्ही ड्रिलिंगची बिटं बनवतो. बोअरवेलची नाही, ती दगडाचा भुगा करत खाली जातात. आमचं बिट बांगडीसारखं पोकळ असतं आणि त्याच्या तोंडाला हिरे असतात. हिरे म्हटलं की नातेवाइकांच्या बायका सरसावून बसतात, पण हे हिरे रव्याच्या दाण्याएवढे, पिवळट, कारखान्यातच तयार केलेले. ते धातूच्या भुकटीत मिसळून साच्यात भरायचे, वर तांब्याचे तुकडे ठेवायचे आणि साचा भट्टीत घालायचा. तांबं वितळून खाली उतरतं आणि हिऱ्यांना घट्ट धरून ठेवतं. असं बिट रॉडच्या, म्हणजे पोकळ पाइपांच्या, टोकाला बसून फिरत फिरत जमिनीत गेलं की मधला दगड न फुटता लांब काकडीसारखा पाइपात येतो. त्याला कोअर म्हणतात. एका फेरीला एक पाइपभर असा तो बाहेर काढला की जमिनीच्या पोटात काय आहे ते बघायला मिळतं. साचे भरायचं काम माझं.

आणि आमचे हे त्याच मालकांच्या रिगवर, म्हणजे होलं पाडायच्या यंत्रावर, ड्रिलर. म्हणजे बिट मी भरायचं आणि यांनी ते जमिनीत घालायचं. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम एवढंच, असं मी वर्कशॉपात म्हणायचे आणि सगळे हसायचे.

आम्ही मूळचे लातूरकडचे. चाकणजवळच्या मोशीत आलो तेव्हा हे बोअरवेलच्या गाडीवर होते. शेतं मोडून सोसायट्या उठत होत्या आणि प्रत्येक बिल्डरला पाणी हवं होतं. तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न. हे दारात चपला काढायच्या आधी सासूबाई विचारायच्या, "लागलं का?" पाणी लागलं की चहात साखर जास्त, नाही लागलं की गप्प बसायचं. पुढं हे कोअरच्या रिगवर गेले, पाण्याऐवजी लोखंड, कोळसा, काय काय शोधायला लागले, पण प्रश्न तोच राहिला. पाणी असो नाहीतर सोनं, आपल्याकडे ते सापडत नाही, मिळत नाही, ते लागतं.

मागची दोन वर्षं हे कर्नाटकातल्या एका उजाड टेकडीवर होते. एका खाणकंपनीला तिथं तांबं आणि थोडंफार सोनं असेल असा संशय होता आणि होलं पाडायचं काम आमच्या मालकांनी घेतलं होतं. मी एकदा फोनवर विचारलं, "तांबंच हवंय तर तिकडं कशाला, इथं चाकणला पाडा की होल. रोज घरी तरी याल." तर म्हणाले, "अगं, आपला काळा पाषाण ताजा आहे. लाव्हा आला, थंड झाला, बसला. त्यात काय मिळणार? इथला लाव्हा फार जुना. आणि थंड झाल्यावरही खालून गरम पाणी त्यात मुरत राहिलं. त्या पाण्यानं खडकाचा रंगच बदलला. कुठं हिरवा, कुठं खडूसारखा पांढरा. कुठं असा भुसभुशीत की होल ढासळतं, कुठं असा टणक की बिट नुसतं घसरतं. तांबं, सोनं असलंच तर ते त्या पाण्यानंच आणून भेगांमध्ये ठेवलेलं असतं."

"म्हणजे शिजलेला खडक," मी म्हटलं.

हे इतके हसले की पलीकडं कुणाला तरी तो शब्द ओरडून सांगितला. तेव्हापासून साइटवर सगळे शिजलेला, अर्धा शिजलेला, करपलेला असंच बोलायला लागले. आमच्या वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये त्या कोअरच्या पेट्या ट्रकनं यायच्या आणि खाणकंपनीच्या जिऑलॉजिस्ट मॅडम पिंपळे सौदागरहून येऊन तिथं दिवसभर दगड बघत बसायच्या. त्याही आता शिजलेला म्हणतात. इंग्रजीत त्याला काहीतरी मोठं नाव आहे, ते त्या रिपोर्टात लिहितात.

आता माझं गाऱ्हाणं. हे पन्नाशीला टेकले. मुलगी लग्न होऊन तळेगावला गेली. मोशीच्या दोन खोल्यांत मी, सासूबाई आणि खुंटीला यांचा एक शर्ट. दिवाळीला आणि कुणाच्या लग्नकार्याला यायचे, चार दिवस मोठमोठ्यानं बोलायचे, कारण रिगच्या आवाजानं कान गेलेले, आणि परत जायचे. मला कंटाळा आला होता, स्पष्टच सांगते. माणूस घरात असावा, रोज डोळ्यांना दिसावा, चहा पिऊन कप तिथंच ठेवावा आणि मी त्यावरून ओरडावं, यापलीकडं मला काही नको होतं. म्हातारपणी येऊन काय करायचंय, तेव्हा दोघांनाही ऐकू येणार नाही.

दिवाळीत मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "आता हे शेवटचं होल चाललंय. कोरडं गेलं तर कंपनी टेकडी सोडणार, रिग परत येणार. मालक मला वर्कशॉपातच घेतो म्हणालेत."

"आणि लागलं तर?"

हे करंजी खात राहिले. उत्तर मला ठाऊकच होतं. एका होलात लागलं की कुठवर पसरलंय ते बघायला चहूबाजूंनी होलं पाडतात. दोन वर्षं, तीन वर्षं, कितीही. आणि लागलेल्या जागेवरून आपण होऊन उठून येईल असा ड्रिलर मी तरी पाहिला नाही. दोन वर्षं त्या टेकडीनं यांना नुसतं झुलवलं होतं. फोनवर मला म्हणायचे, "आज नाही तर उद्या, पण आहे गं खाली काहीतरी." सवतीबद्दल बोलावं तसं बोलायचे मेले.

तेव्हा मी काय केलं, तर मोशीच्या गावदेवाला नारळ बोलले. बसला जाताना वाटेतच देऊळ आहे. चप्पल काढून हात जोडले आणि म्हटलं, देवा, यांना काही लागू नये. लागलं नाही तर नारळ फोडीन. कुणाला सांगितलं नाही. सगळं वर्कशॉप लागावं म्हणून डोळे लावून बसलेलं, मालकांनी पुढच्या कामाची स्वप्नं रंगवलेली, त्यात मी असलं काही बोलले असते तर सगळ्यांनी मला फाडून खाल्लं असतं.

गंमत म्हणजे सासूबाईंनीही त्याच देवाला साकडं घातलं होतं, पण उलटं. दर सोमवारी जाऊन मोठ्यानं म्हणायच्या, "देवा, माझ्या लेकराला लागू दे रं. आवंदा तरी लागू दे." एकदा मी सोबत होते. बाहेर आल्यावर म्हटलं, "अहो आई, काय मागताय हे? लेकराला लागू दे म्हणे! देवानं भलतंच ऐकलं म्हणजे?"

"गप गं," त्या म्हणाल्या. "देवाला काय आपली भाषा कळत न्हाई व्हय?"

त्या दिवशी मी घरी येईपर्यंत हसत होते.

इकडं बिटं भरणं चालूच होतं. डिसेंबरात साइटवरून निरोप आला की खाली फार टणक खडक आलाय, गारगोटीसारखा, बिट गुळगुळीत होऊन जातंय, कापतच नाही. अशा खडकाला जरा मऊ भुकटीचं बिट लागतं, म्हणजे भुकटी झिजत राहते आणि मागचे नवे हिरे वर येत राहतात. मालकांनी मिश्रण ठरवून दिलं, साचा माझ्यापुढं आला. खरं सांगते, मनात आलं होतं. हात थोडा आखडता घेतला, हिरे नीट पसरवले नाहीत, तर हे बिट तिथवर पोचणारच नाही. पण हाताला असलं काही शिकवलंच नव्हतं. साचा ठोकून ठोकून मी नेहमीसारखाच भरला. भट्टीतून बिट निघालं ते इतकं देखणं की मीच कपाळावर हात मारला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ते बिट गेलं. आणि काही दिवसांनी, दुपारच्या जेवणानंतर, मालकांचा फोन वाजला.

साइटवर यांच्या जोडीला मावळातले एक ड्रिलर होते. आम्ही त्यांना भावजी म्हणतो. टेकडीवर रेंज अशी की एक शब्द येतो, दोन जातात, म्हणून मालक नेहमी फोन स्पीकरवर टाकतात. भावजी ओरडत होते, "शेठ, भाऊंना लागलं! जबर लागलं!"

साइटवर आमच्या यांना सगळे भाऊ म्हणतात.

मालक ताडकन उभे राहिले. "काय सांगतोस! किती खाली लागलं?"

"गुड..." आवाज गेला. पुन्हा आला, "...च्या खाली..." पुन्हा गेला. मग नुसतीच खरखर.

"गुड म्हणतोय!" मालक आमच्याकडं वळून ओरडले. "गुड! अरे, लागलं! बंद करा मशिन, बंद करा!"

पुढं काय विचारता. लेथ थांबले. कुणीतरी शिट्टी वाजवली. मालकांनी परत फोन लावून बघितला, रेंज नव्हती, मग माणूस पिटाळून पेढे आणवले. तांबं डोळ्यांना दिसतं, दगडात पितळेसारखी पिवळी चमक येते, त्यामुळं साइटवरूनच लागलं म्हणून कळवलं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सोन्याचं मागाहून लॅब सांगते. सगळे येऊन माझं अभिनंदन करत होते, "वहिनी, तुमच्याच हातचं बिट होतं हां," आणि मी तो पेढा तोंडात धरून उभी. डोक्यात तिडीक गेली होती. झालं, गेली आणखी तीन वर्षं. आणि हा माणूस मला स्वतः फोन करत नाही, जोडीदाराकरवी मालकांना कळवतो! मी बाजूला जाऊन यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. म्हटलं, तोंड दाखवायची हिंमत नाही, दुसरं काय.

बसमध्ये खिडकीशी बसून मी मनातल्या मनात यांना इतकं सुनावलं की कंडक्टरला तिकीट मागायची भीती वाटली असावी. घरी आल्या आल्या सासूबाईंना म्हटलं, "घ्या, पावला तुमचा देव. लागलं तुमच्या लेकराला." त्यांनी देवापुढं साखर ठेवली आणि शेजारणीला दारातून ओरडून सांगितलं.

कुकरची दुसरी शिट्टी होत होती तेव्हा माझा फोन वाजला. भावजीच होते. आता आवाज स्वच्छ येत होता.

"वहिनी, काळजी करू नका. सगळं नीट झालंय. रॉड घातलाय."

मी फणकारलेच. "घाला की मग! रॉड घालायलाच तर बसलाय तुम्ही तिथं. आणखी घाला, पार पाताळापर्यंत घाला."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, पायात घातलाय. भाऊंच्या. शेठनी सांगितलं नाही का तुम्हाला? दुपारीच कळवलं होतं. जबर लागलं म्हणून."

मी कुकरखालचा गॅस बंद केला. गुडघ्याच्या खाली. गुड नव्हे, गुडघ्याच्या.

सासूबाईंना सांगताना मला शब्दच सापडेना. आई, लागलं म्हणजे तसलं नाही, लागलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग दोन्ही हात तोंडावर मारून घ्यायला लागल्या. "म्याच मागितलं गं! म्याच देवाला म्हणलं, लेकराला लागू दे म्हून!" मी त्यांचे हात धरले. म्हटलं, "आई, बोलाफुलाला गाठ पडली. असं काही नसतं." त्या ऐकेनात. देवापुढची साखर त्यांनी उचलून मोरीत ओतली.

मालक पहाटेच गाडी घेऊन दारात आले. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. सोलापूर गेल्यावर एकदाच म्हणाले, "वहिनी, मी पेढे वाटले हो." मीही खाल्लाच होता. उरलेल्या पेढ्यांचा बॉक्स मागच्या सीटवर तसाच होता.

ते तालुक्याच्या गावातलं लहानसं हॉस्पिटल होतं. हे कॉटवर, पाय उशीवर, चेहरा मातीसारखा. वाटेत मी ठरवलं होतं की रडायचं नाही. यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि पहिला शब्द काय बोलावा?

"लागलं का?"

"अहो, तुम्हालाच लागलंय!" मी ओरडले, आणि मग मात्र मला धरवेना. भर वॉर्डात रडले. नर्स पाणी घेऊन आली.

झालं होतं असं. पाइपांची माळ होलात अडकली होती. शिजलेल्या खडकाची माती फुगते आणि पाइपाला धरून ठेवते. मोठ्या पान्ह्यानं सोडवायला गेले, पाइप एकदम सुटला, पान्हा उलटा फिरला आणि नडगीवर बसला. नडगीचे तीन तुकडे. "आयुष्यभर जमिनीत रॉड घातले," हे म्हणाले, "आता डॉक्टरनं माझ्यातच घातला." मालक हसले. मी हसले नाही. थोड्या वेळानं हे पुन्हा म्हणाले, "कोअर आत राहिलं गं. त्या फेरीचं कोअर मी काढलंच नाही. त्यात काहीतरी होतं. होलातून वर येणाऱ्या पाण्याला वेगळाच रंग आला होता." दुखण्याचं एक अक्षर नाही, कोअरचंच पालुपद.

मग घरी आणलं. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वर्कशॉपातल्या चौघांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. पुढचे महिने हे हॉलमध्ये दिवाणावर. रोज दिसायचे. चहा पिऊन कप तिथंच ठेवायचे. मी मुकाट्यानं उचलायचे, कारण ओरडायला जी मजा हवी असते ती राहिली नव्हती. दिवसातून दहादा भावजींना फोन लावायचे. ती फेरी कुणी काढली? कोअर पूर्ण आलं का? पेटीत नीट लावलं का, उलटंसुलटं तर नाही केलं? भावजी बिचारे सगळं सांगायचे. पुढं ते होल बंद झालं आणि पेट्या चाकणला आल्या. मॅडमनी कोअर उभं चिरून अर्धं लॅबला पाठवलं. मग वाट बघणं.

डॉक्टरांनी मधे एकदा स्पष्ट सांगितलं की हाड जुळेल, चालाल, पण रिगच्या फळीवर दिवसभर उभं राहणं आता विसरा. हे खिडकीबाहेर बघत होते. मालक म्हणाले, "वर्कशॉपात या भाऊ, बिटं तपासायला मला तुमच्यासारखाच माणूस हवाय." म्हणजे मी जे मागत होते ते आलं होतं, घरात येऊन दिवाणावर बसलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. रात्रीचं अंथरूण घालताना कधी कधी वाटायचंही, खोटं कशाला बोलू. सकाळी यांचं तोंड बघितलं की जायचं.

मार्चमध्ये मॅडमचा फोन आला. यांना ऐकू येत नाही म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"भाऊ, लागलं!"

आतून सासूबाई धावत आल्या. "आता कुनाला लागलं?"

"कुणाला नाही, आई!" हे ओरडले. "तांबं! मॅडम, नक्की?"

नक्की होतं. ज्या फेरीला पान्हा उलटला त्याच फेरीच्या कोअरमध्ये. तांबं चांगलं होतं आणि त्याच्याबरोबर सोनंही, चिमूटभर पण मोजण्यासारखं. टेकडीवर आणखी होलं पडणार होती. यांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर, लहान मुलासारख्या. मग विचारलं, "रिगवर कोण जाणार?" मॅडमनी सांगितलं की मालकांनी नवा ड्रिलर घेतलाय, भावजी आहेतच. "बरं, बरं. चांगलंय," हे म्हणाले. फोन ठेवला आणि टीव्ही लावला. बातम्या चालू होत्या, पण हे बघत नव्हते.

दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, "उठा. शर्ट घाला. चाकणला जायचंय."

"कशाला?"

"ज्या दगडापायी पाय मोडून घेतला तो बघायचा नाही का?"

काठी धरून एकेक पायरी करत हे खाली उतरले. रिक्षात यांचा हात सारखा गुडघ्यावर तबला वाजवत होता. शेडमध्ये मॅडमनी ती पेटी काढून टेबलावर ठेवली होती. आम्हाला बघितल्यावर त्या चहा सांगायला म्हणून बाहेर गेल्या. शहाणी बाई आहे.

पेटीत दगडाचे अर्धे चिरलेले दांडे ओळीनं ठेवलेले. वाळलेले, राखाडी. मी म्हटलं, "एवढंच?"

"पाणी घाल," हे म्हणाले. "कोरडा दगड काही सांगत नाही."

मी पर्समधली बाटली काढून ओतली. राखाडी दगड हिरवा झाला, त्यात पांढऱ्या रेघा उठल्या, आणि रेघांच्या कडेनं पिवळे कण चमकले.

"हे तांबं," यांनी बोट ठेवलं. "सोनं दिसत नसतं." मग ते बोट तसंच त्या रेघेवरून पुढं पुढं नेत राहिले. डोळे भरले होते. "दोन वर्षं गं. ती फेरी, फक्त ती एक फेरी पुरी होईपर्यंत उभा राहिलो असतो तर हे माझ्या हातात आलं असतं."

"फार लागलं का हो मनाला?"

"लागलं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मी नारळ बोलले होते. गावदेवाला."

"कशासाठी?"

"तुम्हाला काही लागू नये म्हणून."

यांनी मान वर केली. माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं की तसं लग्नातसुद्धा बघितलं नसेल. काठी टेबलाला टेकवून माझा हात धरला. म्हणाले, "वेडी आहेस. देवानं तुझं ऐकलं नाही बघ."

गप्प राहिले असते तर चाललं असतं. शब्द तोच होता, मी तेच बोलले होते, देवाशपथ सांगितलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. पण तो हात धरलेला मला सोसवेना.

"पाय नव्हे हो," मी म्हटलं. "हे." आणि पेटीकडं बोट केलं. "हे लागू नये म्हणून बोलले होते. तुम्ही घरी यावं म्हणून."

हे पेटीकडं बघत राहिले. मग स्वतःच्या पायाकडं. "आणि पायाचं?"

"ते मागायचं राहिलं."

बाहेर लेथ चालू होता. यांनी माझा हात सोडला नाही. दगड पुन्हा राखाडी व्हायला लागला तेव्हा म्हणाले, "वाळलं बघ. घाल अजून थोडं पाणी."

मी उरलेली बाटली त्या दगडावर रिकामी केली.